पावसाचा हिशेब मांडणारा अभियंता

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले आणि पावसाचा पहिला धडा त्यांना खानदेशात मिळाला. पांझरेच्या पात्रातून पाण्याचे नळ नेण्याचे काम या नवख्या साहाय्यक अभियंत्याकडे होते. पुरामुळे आणि वाळूमुळे काम अडू लागले, तेव्हा पावसाळा सरेपर्यंत ते थांबवावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना त्यात आज्ञाभंग दिसला. अखेर विश्वेश्वरय्यांनी पुन्हा काम हाती घेऊन ते तडीस नेले. प्रत्येक काम असे निभावत नाही. भर पावसात घाईने उरकलेल्या रस्त्यांची गत वाचकांना निराळी सांगायला नको.

पुढे पुण्याजवळ खडकवासल्याला त्यांची स्वयंचलित दारे बसली. तलाव ठरावीक पातळीला भरला की ती आपोआप उघडत आणि पाणी उतरले की मिटत. धरणाची उंची न वाढवता साठा वाढला. ग्वाल्हेरच्या तिघरा धरणावरही हीच रचना वापरली गेली.

पण त्यांच्या पद्धतीचा खरा कस लागला तो हैदराबादेत. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला महापूर आला. पूल तुटले, हजारो घरे कोसळली, हजारो माणसे दगावली. अफझलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढलेली सुमारे दीडशे माणसे तेवढी बचावली, ही आठवण शहराने अजून जपली आहे. पुढच्या वर्षी निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले.

नुसती काठाला भिंत बांधून ते मोकळे झाले नाहीत. आधी पाऊस किती पडला, कुठे पडला आणि किती वेळात पडला, हे त्यांनी पाहिले. शमशाबादेत 24 तासांत 12.8 इंच पाऊस नोंदला गेला होता. पाणलोटातील 788 तलावांपैकी 221 फुटले होते, म्हणजे आभाळाच्या पाण्यात तलावांच्या पाण्याची भर पडली होती. पावसाचे इंच आणि पाणलोटाचे क्षेत्र यांवरून पाण्याचा लोंढा निघतो. त्यातले शहरातील पात्र किती सुखरूप वाहून नेईल ते वजा करावे, उरेल ते वरच अडवावे. हिशेब साधा, पण नोंदी नसतील तर तो मांडताच येत नाही. म्हणून त्यांनी मुसीवर आणि तिच्या ईसी या उपनदीवर, शहराच्या वरच्या अंगाला, दोन जलाशय सुचवले. शहरातले काठ उंच करावेत, त्यांवरून रस्ते आणि बागा कराव्यात, हीही त्यांचीच सूचना. पुराला तोंड देणारा काठ एरवी लोकांच्या वावरात राहावा, ही दृष्टी त्या काळी विरळाच.

कामे उभी राहायला वेळ लागला. दरम्यान विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले आणि त्या पदावरून पायउतारही झाले. मुसीवरचा उस्मानसागर 1920 मध्ये पुरा झाला, ईसीवरचा हिमायतसागर 1927 मध्ये. पूर अडवण्यासाठी बांधलेल्या या दोन्ही तलावांनी पुढे कित्येक दशके हैदराबादची तहान भागवली.