मासे पकडणारे जिम कॉर्बेट



जिम कॉर्बेट हे नाव घेतले की नरभक्षक वाघ डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु ह्या माणसाला नदीकाठी गळ टाकून उभे राहण्याचा नाद बंदुकीपेक्षा काही कमी नव्हता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे. १९४४ साली ते आपल्या छिंदवाड्याला होते. पांढुर्णा आणि सौंसर तेव्हा छिंदवाडा जिल्ह्यातच येत. आपला पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला तो २०२३ साली.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट ह्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनीतालला झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. जिम जेमतेम पाच वर्षांचे असताना ते वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. हिवाळ्यात हे कुटुंब खाली कालाढुंगीला राहत असे. जंगल आणि नदी ह्या दोन्ही शाळा त्यांना तेथेच मिळाल्या. महाविद्यालयात जाण्याइतका पैसा घरात नव्हता. तरुणपणीच त्यांनी रेल्वेची नोकरी धरली आणि बिहारमधील मोकामा घाटावर गंगेच्या ह्या तीरावरून त्या तीरावर माल पोचविण्याचे काम वीस वर्षांहून अधिक काळ केले. मजुरांच्या बरोबरीने ते स्वतः ओझी उचलत, हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

१९०७ साली त्यांनी चंपावतची वाघीण मारली. तिने ४३६ माणसे मारल्याची नोंद होती. रुद्रप्रयागच्या बिबट्याच्या नावावर १२५ बळी होते; तो १९२६ साली मारला गेला. ह्या कथा आपण वाचनालयात वाचल्याच असतील. मात्र बिबट्यावरील त्या पुस्तकातच मासेमारीवर एक प्रकरण आहे, तिकडे मुलांचे लक्ष जात नाही.

त्यांचा आवडता मासा महसीर. विलायतेतील हौशी लोक थंड पाण्यातील ट्राउटसाठी पिसे आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बनवतात व ती पाण्यावर अलगद टाकतात. स्टीलहेड ही त्यातलीच जात. ती समुद्रात जाते आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत येते. आपल्या उष्ण नद्यांत ट्राउट जगत नाही. आपल्याकडे त्या मानाचा मासा म्हणजे महसीर. त्याच्यासाठी पाण्यात फिरणारा चकचकीत धातूचा चमचा गळाला लावतात. महसीरला तो लहान मासाच वाटतो. एकदा गळाला लागला की तो धारेच्या जोरावर शेकडो हात दोरा ओढून नेतो. घाई केली की दोरा तुटलाच म्हणून समजा.

महसीर समुद्रात जात नाही, पण त्याचीही यात्रा ठरलेली असते. पावसाळ्यात पाणी चढले की तो प्रवाहाविरुद्ध वर जातो आणि स्वच्छ, गोट्या-वाळूच्या तळावर अंडी घालतो. पूर ओसरून पाणी निवळले की परत फिरतो. म्हणून गळवाल्यांचा हंगाम पावसाच्या आधी आणि पावसानंतर. मधले दिवस माशांचे. आपल्या मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, तिचेही कारण हेच. शाळेची घंटा वाजते त्याच सुमारास कन्हान आणि जामचे मासे अंडी घालायला निघतात. (जाम नदीचे नाव बाहेरगावी केवळ गोटमारीमुळे ठाऊक असावे, ह्याचे आम्हास वाईट वाटते.)

पुढे फ्रेडरिक चॅम्पियन ह्या वनाधिकाऱ्याने काढलेली वाघांची छायाचित्रे पाहून कॉर्बेट ह्यांनी हातात कॅमेरा घेतला. हौसेखातर वाघ मारणाऱ्यांवर ते टीका करू लागले, शाळाशाळांत जाऊन मुलांना जंगलाविषयी सांगू लागले. १९३६ साली रामगंगेच्या खोऱ्यात भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. आज त्या उद्यानाला त्यांचेच नाव आहे. रामगंगा ही महसीरचीही नदी आहे.

१९४२ साली ते टायफसने इतके खंगले की पुन्हा चालतील की नाही अशी शंका होती. त्या आजारपणात त्यांनी कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तकाचे काम हाती घेतले. १९४४ साली ते प्रसिद्ध झाले. वाघांच्या त्या पुस्तकातही महसीरवर एक प्रकरण त्यांनी घातलेच! त्याच वर्षी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांना लेफ्टनंट कर्नल करून छिंदवाड्याला पाठविण्यात आले. ब्रह्मदेशात लढायला जाणाऱ्या सैनिकांना जंगलात कसे राहावे, पाणी व वाट कशी शोधावी, आवाजावरून काय ओळखावे, हे शिकवायचे होते. ज्या सातपुड्यात आपण सहलीला जातो, तेथे तरुण शिपाई ह्या म्हाताऱ्या मास्तरांच्या मागे चालत होते. वर्षभराने मलेरियाने त्यांना घरी परतावे लागले.

मध्यप्रदेश शासनाने २०११ साली महसीरला राज्यमासा घोषित केले. नर्मदाकाठी त्याला बाडस म्हणतात. बांध, वाळूचा उपसा, सुरुंग आणि ब्लीचिंग पावडर ह्यांनी तो फार कमी झाला आहे. गळाने एक मासा निघतो, ब्लीचिंगने डोहच्या डोह मरतो, पिलांसकट. पालकांनी हा फरक घरी अवश्य समजावून सांगावा, आणि बंदीच्या दिवसांत नदीचा मासा विकत घेऊ नये, ही आमची विनंती.

१९४७ च्या अखेरीस कॉर्बेट बहीण मॅगीसह केनियाला गेले. न्येरी येथे, स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल ह्यांच्यासाठी पूर्वी बांधलेल्या घरात ते राहिले. तेथील डोंगरी नद्यांत इंग्रजांनी १९०५ पासून ट्राउट सोडलेली होती. १९ एप्रिल १९५५ रोजी, आपले सहावे पुस्तक लिहून संपविल्यावर थोड्याच दिवसांत, त्यांचे तेथे निधन झाले.