अमेरिकेतील आदिवासींचे कैवारी : बिशप बार्तोलोमे दे लास कासास

इ. स. १४९२ साली कोलंबसाने अटलांटिक महासागर ओलांडला, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले. त्यानंतर तेथील मूळ रहिवाशांचे काय झाले, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे आले नाही. ती कहाणी ज्यांनी जगापुढे निर्भीडपणे मांडली, ते बार्तोलोमे दे लास कासास कोलंबसाच्या सहप्रवाशाचे पुत्र होते. ते स्वतः वतनदार होते आणि ख्रिस्तसभेचे धर्मगुरूही होते.

त्यांचा जन्म १४८४ साली स्पेनमधील सेव्हिल शहरी झाला. वडील पेद्रो हे व्यापारी. १४९३ साली ते कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत सामील झाले आणि परतताना त्यांनी मुलाच्या सेवेसाठी एक आदिवासी तरुण सोबत आणला. पुढे इसाबेला राणीच्या आज्ञेने त्या तरुणाला मायदेशी धाडण्यात आले. १५०२ साली बार्तोलोमे स्वतःच एस्पॅनिओला बेटावर पोहोचले. आज तेथे हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे देश आहेत. जमीन, खाणी आणि त्यांत राबणारे ताइनो लोक, असे सारे त्यांना मिळाले. या पद्धतीस ‘एन्कोमिएन्दा’ म्हणत. आदिवासींना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण द्यावे आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून काम करून घ्यावे, असा कागदोपत्री करार होता. प्रत्यक्षात ती निव्वळ वेठबिगारी होती. बार्तोलोमे यांना गुरुदीक्षा मिळाली, १५१० साली त्यांनी त्याच बेटावर आपली पहिली मिस्सा अर्पण केली, तरीही वतन सुटले नाही.

१५११ साली आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी सान्तो दोमिंगो येथे डॉमिनिकन धर्मगुरू अंतोनियो दे मोन्तेसिनोस यांनी प्रवचन केले. हे आदिवासी माणसे नाहीत काय, त्यांना आत्मा नाही काय, असा जाब त्यांनी वतनदारांना विचारला. भाविक खवळले. लास कासास यांच्यावर मात्र त्याचा लगेच परिणाम झाला नाही. एका डॉमिनिकन धर्मगुरूने त्यांना प्रायश्चित्त संस्कार नाकारला, तरी ते वाद घालून परतले. धर्मगुरू असणे आणि मनःपरिवर्तन होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आम्हां धर्मगुरूंना कोणी वेगळे सांगायला नको!

पुढे क्यूबाच्या स्वारीत ते चॅप्लेन म्हणून गेले. काओनाओ गावी स्पॅनिश सैनिकांनी बेसावध बसलेल्या स्त्रीपुरुषांची कत्तल त्यांच्या डोळ्यांदेखत केली. तरीही क्यूबात त्यांनी नवे वतन स्वीकारलेच. अखेर १५१४ साली पेन्टेकॉस्टच्या सणाचे प्रवचन तयार करताना जुन्या करारातील सिराकच्या ग्रंथाचा ३४ वा अध्याय त्यांच्यासमोर आला. अन्यायाने मिळवलेल्या वस्तूंचा यज्ञ देवाला मान्य नाही आणि मजुराची मजुरी बुडवणारा रक्तपात करतो, असा त्याचा आशय. आपण वेदीवर अर्पण करतो ती भाकर कोणाच्या घामाची आहे, या प्रश्नाने त्यांना ग्रासले. १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, त्यांनी भर प्रवचनात आपल्या वतनाचा त्याग जाहीर केला.

त्यानंतरची ५० वर्षे त्यांनी याच कामी वेचली. १५१६ साली त्यांची आदिवासींचे संरक्षक म्हणून नेमणूक झाली. मात्र त्यांच्या हातून याच काळात एक भयंकर चूकही घडली. आदिवासींना वाचवण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणावेत, असा सल्ला त्यांनी दिला. त्या व्यापाराचे सत्य कळल्यावर त्यांना तीव्र पश्चात्ताप झाला. आपले अज्ञान देवाच्या न्यायासनापुढे सबब म्हणून चालेल की नाही याची खात्री वाटत नाही, अशी कबुली त्यांनी स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेवली. चरित्रकारांनी हे पान झाकू नये, असे आम्हांस वाटते.

वेनेझुएलाच्या किनाऱ्यावरील त्यांची शांततामय वसाहत फसली. १५२२ साली ते डॉमिनिकन संघात दाखल झाले. ग्वातेमालातील युद्धभूमी म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या प्रदेशात तलवारीविना सुवार्ता नेण्याचा त्यांनी १५३७ साली विडा उचलला. पुढे त्या प्रदेशाला वेरापाझ, म्हणजे खरी शांती, हे नाव मिळाले. त्याच वर्षी पोप तिसरे पॉल यांनी आदिवासींचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे जाहीर केले. १५४२ साली सम्राट पाचवे चार्ल्स यांनी ‘नवे कायदे’ काढून आदिवासींना गुलाम करण्यास बंदी घातली आणि नवी वतने देणे थांबवले.

वयाच्या साठीत त्यांना चियापाचे बिशप नेमण्यात आले. तेथे पोहोचताच त्यांनी फर्मान काढले : जो गुलामांना मुक्त करणार नाही, त्याला पापक्षमा नाही. त्यांच्याच धर्मप्रांताच्या डीनने ही आज्ञा मोडली, शहरात दंगल उसळली आणि बिशपांच्या जिवावर बेतले. १५४५ साली सम्राटांनी वतनाचा वारसाहक्क रद्द करणारे कलम मागे घेतले. १५४७ साली लास कासास स्पेनला परतले, ते कायमचेच. तरी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्यांनी नियमावली लिहिलीच. लुटीची भरपाई करण्याचे कायदेशीर कागदपत्र वतनदाराने आधी करून द्यावे, मगच त्याचे पापनिवेदन ऐकावे, असा तिचा दंडक होता. सरकारने तिच्या प्रती जप्त केल्या.

१५५० साली वायादोलिद येथे त्यांचा विद्वान सेपुल्वेदा यांच्याशी वाद झाला. आदिवासी निसर्गतःच दास आहेत, असा सेपुल्वेदांचा दावा होता. परीक्षकांनी निर्णय दिलाच नाही. १५५२ साली लास कासास यांनी अत्याचारांचा संक्षिप्त वृत्तांत छापला. त्यातील आकडे फुगवलेले आहेत, असे इतिहासकार म्हणतात. त्यांनी वर्णिलेले अत्याचार मात्र खोटे नव्हते.

१८ जुलै १५६६ रोजी माद्रिदच्या आतोचा मठात त्यांचे निधन झाले. ‘इंडीजचा इतिहास’ हा त्यांचा मोठा ग्रंथ चाळीस वर्षे छापू नये, अशी त्यांची सूचना होती. प्रत्यक्षात तो १८७५ साली प्रसिद्ध झाला. कोलंबसाच्या पहिल्या सफरीची मूळ रोजनिशी हरवली आहे. आज ती आपल्याला वाचता येते, ती लास कासास यांनी स्वहस्ते उतरवलेल्या गोषवाऱ्यातूनच.