टोल्किन : रणभूमी, मैत्री आणि श्रद्धा

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे चित्रपट आपल्या चेंबूर परिसरातील अनेक तरुणांनी आवडीने पाहिले आहेत. परंतु त्या कथेचे लेखक जे. आर. आर. टोल्किन हे श्रद्धावान कॅथोलिक प्रापंचिक होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

टोल्किन यांचा जन्म १८९२ साली दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफॉन्टेन येथे झाला. वडील लवकर वारले. आई मेबल यांनी १९०० साली कॅथोलिक श्रद्धा स्वीकारली, तेव्हा नातेवाइकांनी मदतीचा हात आखडता घेतला. १९०४ साली मधुमेहाने त्यांचे निधन झाले. पोरक्या झालेल्या दोन्ही भावांचा सांभाळ बर्मिंगहॅम ऑरेटरीचे फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी केला.

शाळेत टोल्किन यांना रॉब गिल्सन, जेफ्री स्मिथ व ख्रिस्टोफर वाइझमन हे जिवलग मित्र लाभले. पहिल्या महायुद्धात चौघेही सैन्यात गेले. १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, गिल्सन धारातीर्थी पडले. डिसेंबरात स्मिथही गेले. मित्रमंडळाचे अंतरंग मागे उरणाऱ्याने जगाला सांगावे, अशी इच्छा त्यांनी टोल्किन यांना पत्राने कळविली होती. टोल्किन खंदकज्वराने आजारी पडून मायदेशी परतले आणि त्या आजारपणातच गोंडोलिन या कल्पित नगरीच्या पतनाची कथा लिहू लागले.

१९२० नंतरच्या काही वर्षांत त्यांचे धर्माचरण जवळजवळ सुटले होते. पुढे मुलाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्याची प्रांजळ कबुली दिली. मात्र ख्रिस्तप्रसादाची ओढ त्यांना परत घेऊन आली.

ऑक्सफर्डमध्ये त्यांना सी. एस. लुईस भेटले. तेही १९१८ साली रणांगणावर जखमी झालेले, आणि नास्तिक. सप्टेंबर १९३१ मधील एका रात्री टोल्किन व ह्यूगो डायसन यांच्याशी झालेल्या दीर्घ संवादानंतर लुईस ख्रिस्ताकडे वळले. ते अँग्लिकन पंथात राहिले, याची टोल्किन यांना खंत होती. तरीही लुईस यांच्या प्रोत्साहनाविना आपला महाग्रंथ पूर्ण झाला नसता, असे ते मानीत.

१९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथातील निष्ठावंत सॅम हा त्यांनी युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरून घडला आहे. अंगठीचा नाश होतो तो दिवस २५ मार्च, म्हणजे पवित्र मरियेला देवदूताने संदेश दिल्याचा सण. विजयानंतरही नायक फ्रोडोची जखम मात्र भरत नाही.

१९७३ साली टोल्किन प्रभुचरणी विलीन झाले. युद्धाने त्यांचे मित्र नेले, पण त्यांचा शब्द टोल्किन यांनी पाळला. आपल्या मृत मित्रांसाठी प्रार्थना करताना, त्यांचे कोणते चांगले काम अपुरे राहिले आहे, याचाही आपण विचार करू या.