निकोला टेस्ला आणि आकाशातून आलेले अज्ञात संकेत

पृथ्वीभोवती सुमारे १३,००० वर्षांपासून परग्रहवासीयांचा एक काळा उपग्रह फिरत आहे, अशी कथा गेली अनेक वर्षे सांगितली जाते. ब्लॅक नाइट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कथेत पहिला साक्षीदार म्हणून थोर संशोधक निकोला टेस्ला यांचे नाव घेतले जाते. १८९९ साली टेस्ला यांनी याच उपग्रहाचे संकेत टिपले, असा दावा केला जातो. टेस्ला यांनी काही अनाकलनीय संकेत ऐकल्याचे सांगितले होते, हे खरे आहे. मात्र त्यांनी त्या संकेतांचा संबंध शेजारच्या ग्रहांशी जोडला होता, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कोणत्याही उपग्रहाशी नव्हे. ही साक्ष त्यांच्या नावावर कशी जमा झाली, हे समजून घेण्यासाठी त्यांचे आयुष्य पाहावे लागते.

टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिल्यान या खेड्यात एका सर्बियन कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते. आज ते क्रोएशियात आहे. वडील मिलुटिन ऑर्थोडॉक्स पंथाचे धर्मगुरू होते. आई फारशी शिकलेली नव्हती, परंतु घरकामाची लहानमोठी अवजारे ती स्वतः तयार करीत असे आणि दीर्घ लोककाव्ये तिला मुखोद्गत होती. आपली स्मरणशक्ती आणि कल्पकता आईकडून आल्याचे टेस्ला मानत. मुलाने धर्मगुरू व्हावे ही वडिलांची इच्छा होती. मुलाला अभियंता व्हायचे होते. तरुणपणी कॉलऱ्याने ते अनेक महिने अंथरुणाला खिळले, तेव्हा वडिलांनी आपला आग्रह सोडला. १८७५ साली त्यांनी ग्राझ येथील तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला, परंतु पदवी न घेताच त्यांना ती सोडावी लागली.

फिरते चुंबकीय क्षेत्र

१८८२ साली बुडापेस्टच्या उद्यानात मित्रासमवेत फिरत असताना त्यांना प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या मोटारीची कल्पना सुचली. ठरावीक अंतराने मागेपुढे येणाऱ्या प्रवाहांच्या साहाय्याने फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण केल्यास मोटारीतील फिरत्या भागाला बाहेरून वीज जोडण्याची गरज उरत नाही, असे हे तत्त्व होते. इटलीतील गॅलिलिओ फेरारिस हेही स्वतंत्रपणे याच तत्त्वापर्यंत पोहोचले होते. आज भिलाईसारख्या पोलादनगरीतील कारखान्यांपासून शेतातील विहिरीवरच्या पंपापर्यंत असंख्य मोटारी याच तत्त्वावर फिरतात.

१८८४ साली टेस्ला न्यूयॉर्कला पोहोचले आणि थॉमस एडिसन यांच्या कंपनीत काम करू लागले. काही महिन्यांतच त्यांनी ती नोकरी सोडली. त्यानंतरच्या हलाखीच्या दिवसांत त्यांनी पोटासाठी रस्त्याकडेचे चर खणण्याचे कामही केले. १८८८ साली उद्योजक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी त्यांचे पेटंट हक्क घेतले आणि परिस्थिती पालटली. १८९३ चे शिकागो येथील जागतिक प्रदर्शन प्रत्यावर्ती प्रवाहाने उजळले. १८९६ च्या नोव्हेंबरमध्ये नायगारा धबधब्यावर निर्माण झालेली वीज बफेलो शहरात पोहोचली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये स्वामी विवेकानंद आणि टेस्ला यांची भेट झाली होती. चाळिशीत पोहोचलेले टेस्ला तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते.

कोलोराडोतील रात्र

विजेच्या तारा न जोडता ऊर्जा आणि संदेश जगभर पाठवायचे, हे टेस्ला यांचे पुढचे स्वप्न होते. त्यासाठी मे १८९९ मध्ये ते कोलोराडो स्प्रिंग्ज येथे गेले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवरील या गावाबाहेर त्यांनी लाकडी प्रयोगशाळा आणि उंच धातूचा खांब उभारला. तेथे ते कृत्रिम विजेचे लोळ निर्माण करीत आणि दूरवरच्या वादळांतील विजांचे परिणाम अतिशय संवेदनशील ग्राहक यंत्राद्वारे टिपत.

त्या उन्हाळ्यात एका रात्री या यंत्रावर त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. ठरावीक क्रमाने येणारे, मोजल्यासारखे वाटणारे ठोके त्यांच्या कानी पडले. वादळांतील विजांचे आवाज त्यांच्या परिचयाचे होते. सूर्य, ध्रुवीय प्रकाश आणि भूगर्भातील प्रवाह यांमुळे होणारे विद्युत अडथळेही त्यांना ठाऊक होते. हे ठोके त्यांपैकी कशातच बसेनात. काही काळ विचार केल्यानंतर हे ठोके दुसऱ्या ग्रहावरून आले असावेत, असे त्यांचे मत झाले.

१९०० च्या अखेरीस रेडक्रॉसने नव्या शतकानिमित्त त्यांच्याकडे संदेश मागितला, तेव्हा टेस्ला यांनी या अनुभवाचा उल्लेख केला. फेब्रुवारी १९०१ मध्ये कॉलियर्स या साप्ताहिकातील लेखातही त्यांनी ग्रहांशी संभाषण साधण्याच्या शक्यतेची चर्चा केली. तो काळ मंगळाच्या आकर्षणाचा होता. इटालियन खगोलशास्त्रज्ञ स्कियापरेली यांनी १८७७ मध्ये मंगळावर रेषा पाहिल्या होत्या आणि अमेरिकेत पर्सिव्हल लॉवेल त्या रेषांना बुद्धिमान जीवांनी खणलेले कालवे ठरवत होते. अशा वातावरणात टेस्ला यांचे अनुमान लोकांना भावले. लिक वेधशाळेचे माजी संचालक एडवर्ड होल्डन यांनी मात्र त्यावर टीका केली. पृथ्वीवरील सर्व कारणे तपासून बाद केल्याखेरीज मंगळापर्यंत जाऊ नये, हा टीकाकारांचा आक्षेप रास्त होता.

संकेत कशाचे होते?

या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर मिळालेले नाही, कारण त्या संकेतांचे ध्वनिमुद्रण नाही. पहिला तर्क असा की, टेस्ला यांनी त्याच उन्हाळ्यात युरोपात चाललेल्या मार्कोनी यांच्या बिनतारी चाचण्यांचे ठोके ऐकले असावेत. परंतु मार्कोनी यांची यंत्रे तेव्हा शंभर-दोनशे किलोमीटरच्या टप्प्यात काम करीत होती आणि कोलोराडो हजारो किलोमीटर दूर होते.

दुसरा तर्क गुरू ग्रहाचा आहे. गुरूपासून रेडिओ लहरींचे झोत येतात, हे १९५५ साली बर्नार्ड बर्क आणि केनेथ फ्रँकलिन यांनी दाखवून दिले. १९९६ मध्ये केनेथ आणि जेम्स कोरम यांनी टेस्ला यांना गुरूचेच संकेत मिळाले असावेत, असे मांडले. मात्र टेस्ला यांचे यंत्र अतिशय कमी कंप्रतेच्या लहरींसाठी होते आणि अवकाशातून येणाऱ्या अशा लहरींना आयनांबराचा मोठा अडथळा होतो. तिसरी शक्यता यंत्रातील दोषाची किंवा वातावरणातील नैसर्गिक विद्युत घडामोडींची आहे. आयनांबराचे अस्तित्वच तेव्हा ज्ञात नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे.

साक्ष जोडली कशी गेली?

उपग्रहाची कथा टेस्ला यांच्या मृत्यूनंतर, परस्परांशी संबंध नसलेल्या घटना एकत्र ओवून तयार झाली. १९२७ मध्ये नॉर्वेतील अभियंता यॉर्गन हाल्स यांना रेडिओ संकेतांचे काही सेकंदांनी येणारे प्रतिध्वनी ऐकू आले. फेब्रुवारी १९६० मध्ये अमेरिकेला कक्षेत एक अनोळखी वस्तू आढळली. ती अमेरिकेच्याच डिस्कव्हरर मालिकेतील उपग्रहाचा अवशेष निघाली. १९७३ मध्ये स्कॉटलंडचे लेखक डंकन लुनान यांनी जुन्या प्रतिध्वनींच्या नोंदींतून भूतप तारकासमूहाचा नकाशा वाचला आणि १३,००० वर्षांचा आकडा पुढे आणला. त्यांनी कल्पिलेले यान चंद्राच्या परिसरात होते आणि पुढे त्यांनी हे विवेचन मागेही घेतले.

डिसेंबर १९९८ मध्ये एंडेव्हर यानातून अवकाशस्थानकाची जुळणी सुरू असताना अंतराळवीरांच्या हातून एक उष्णतारोधक आवरण निसटले. त्या काळ्या, वेड्यावाकड्या आवरणाची छायाचित्रे आज ब्लॅक नाइटचा पुरावा म्हणून दाखवली जातात. ते आवरण काही दिवसांतच वातावरणात शिरून नष्ट झाले. तेथेच या दाव्यातील मुख्य अडचण दिसते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर विरळ का होईना, हवा असते. तिच्या घर्षणाने कक्षा खालावत जाते, म्हणून अवकाशस्थानकालाही अधूनमधून वर ढकलावे लागते. तेथे एखादी वस्तू १३,००० वर्षे टिकणे शक्य नाही. शिवाय असा उपग्रह संकेत पाठवत असता, तर जगभरातील हजारो हौशी रेडिओ चालकांना ते रोज ऐकू आले असते.

शेवटची वर्षे

टेस्ला यांच्या आयुष्याची उतरंड मंगळाच्या दाव्याने सुरू झाली नाही, परंतु स्वप्नाळू ही त्यांची प्रतिमा त्यामुळे घट्ट झाली. १९०१ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या १,५०,००० डॉलरच्या साहाय्याने त्यांनी लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ मनोरा उभारण्यास सुरुवात केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडे संकेत पोहोचवल्याचे जाहीर केले आणि मॉर्गन यांनी अधिक पैसा देण्यास नकार दिला. मनोरा अपुरा राहिला आणि १९१७ मध्ये पाडला गेला. त्याच वर्षी अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना एडिसन यांच्या नावाचे पदक दिले.

उत्तरायुष्यात ते एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात राहत, कबुतरांना दाणे घालत आणि वाढदिवशी पत्रकारांना नवनव्या यंत्रांच्या कल्पना सांगत. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कर हॉटेलमधील खोलीत त्यांचे निधन झाले. त्यांची कागदपत्रे अमेरिकी सरकारने ताब्यात घेतली. पुढे ती बेलग्रेडला पाठवण्यात आली आणि तेथील टेस्ला संग्रहालयात आहेत. त्या ताब्यामुळे त्यांच्याभोवतीचे गूढ आणखी वाढले. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्कोनी यांच्या एका पेटंटमधील महत्त्वाचे हक्क आधीच्या संशोधकांच्या कामामुळे अवैध ठरवले. त्यांत टेस्ला यांचेही काम होते. १९६० मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेच्या एककाला टेस्ला हे नाव मिळाले.

पुणे जिल्ह्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आज आकाशातील क्षीण रेडिओ लहरी टिपतात. तेथे अनपेक्षित संकेत मिळाला, तर तो माणसाच्याच एखाद्या यंत्राचा आहे का, याची आधी शहानिशा होते. १८९९ साली टेस्ला एकटे होते. तुलना करण्यासाठी दुसरे केंद्र नव्हते आणि आकाशातील रेडिओ लहरींचे शास्त्रही जन्माला आलेले नव्हते. त्यांनी घाईने काढलेला निष्कर्ष टिकला नाही, पण तो त्यांचा स्वतःचा होता आणि त्यांनी तो उघडपणे मांडला होता. काळ्या उपग्रहाची साक्ष मात्र त्यांनी कधी दिलीच नव्हती. ती त्यांच्या नावावर लिहिली गेली, तेव्हा तिचा इन्कार करायला ते हयात नव्हते.