दीनबंधूच्या संपादिका तानुबाई बिर्जे

पुण्याहून साताऱ्याकडे जातांना नीरा नदीचा पूल ओलांडला कीं शिरवळ लागतें. तेथून जवळच, खंडाळें तालुक्यांत, नायगांव म्हणून एक लहान गांव आहे. सावित्रीबाई फुले ह्यांचा जन्म त्या गांवीं ३ जानेवारी १८३१ रोजीं झाला, हें येथील लहान मूलही सांगेल. परंतु सावित्रीबाईंनीं व जोतीरावांनीं जें शाळेचें झाड लाविलें, त्याच्या फळांपैकीं एकाची हकीकत आपल्या भागांत सहसा कोणी सांगत नाहीं. त्या तानुबाई बिर्जे होत. हिंदुस्थानांत वर्तमानपत्र चालविणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचें नांव पुष्कळांच्या कानांवर असतें. तें पत्र कोणतें, व तें चालविणें म्हणजे काय होतें, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें.

तानुबाईंचा जन्म १८७६ सालीं पुण्यांत झाला. त्यांचे वडील देवराव ठोसर हे सत्यशोधक समाजाचे होते, आणि फुले पतिपत्नींचा व ह्या घराचा शेजार होता. मुलीस शाळेंत घालावें कीं नाहीं, असा प्रश्न अशा घरीं पडावयाचा नव्हता. जोतीरावांनीं वेताळ पेठेंत काढलेल्या शाळेंत तानुबाई शिकल्या. येथें एक गोष्ट जातां जातां सांगतों. जोतीराव स्वतः पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते, व अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मिस फरार बाईंची मुलींची शाळा पाहून आल्यावर त्यांच्या मनांत मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला. त्यांची पहिली शाळा १८४८ सालीं निघाली. एका गांवचा दिवा दुसऱ्या गांवीं असा लागतो.

जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० रोजीं वारले, तेव्हां तानुबाई चवदा वर्षांच्या होत्या. अंत्ययात्रेंत पुढें टिटवें धरून सावित्रीबाई स्वतः चालल्या. स्त्रीनें असें करणें त्या काळीं कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें. शेजारच्या घरांतील वाढत्या मुलीच्या मनावर ह्या प्रसंगाचा काय ठसा उमटला असेल, तें वाचकांनींच ताडावें. पुढें १८९३ सालीं सासवड येथें भरलेल्या सत्यशोधक परिषदेचें अध्यक्षपदही सावित्रीबाईंनीं भूषविलें. त्याच वर्षीं, २६ जानेवारी रोजीं, तानुबाईंचा विवाह वासुदेव लिंगोजी बिर्जे ह्यांच्याशीं भटजीवांचून, सत्यशोधक पद्धतीनें झाला.

वासुदेवराव बेळगांवकडील राहणारे, वाचनाचे मोठे भोक्ते. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या राजवाड्यांतील ग्रंथालयाची व्यवस्था त्यांच्याकडे कांहीं वर्षें होती. पुस्तकांच्या कपाटांमध्यें बसून स्वस्थपणें आयुष्य घालवावें असें त्यांस वाटलें असतें तर कोणीही नांवें ठेविलीं नसतीं. पण त्यांनीं ‘दीनबंधु’ पत्र हातीं घेतलें, व पुढें त्यासाठीं ती नोकरीही सोडली.

आतां ह्या पत्राविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण तें समजल्यावांचून बाईंनीं काय उचललें तें समजावयाचें नाहीं. ‘दीनबंधु’ १ जानेवारी १८७७ रोजीं पुण्यांत कृष्णराव भालेकर ह्यांनीं सुरू केलें. शेतकरी, माळी, कुणबी, गिरणींतील मजूर ह्यांचें गाऱ्हाणें मांडणारें हें आठवड्याचें पत्र. ज्यांच्यासाठीं तें निघालें त्यांच्यापैकीं फारच थोड्यांस वाचतां येत होतें. एकानें वाचावें व दहांनीं पारावर बसून ऐकावें अशी त्या वेळीं वर्तमानपत्रांची तऱ्हा होती. आणि दहा ऐकणाऱ्यांनीं वर्गणी भरावी असा नियम कोठेंच नसतो! पत्र पैशावांचून बुडूं लागलें. तेव्हां १८८० सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं तें मुंबईस नेलें. लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची पहिली संस्था उभारली, आणि १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांस रविवारची सुटी मिळूं लागली, ती त्यांच्याच खटपटीनें. ह्या सर्व खटपटींत ‘दीनबंधु’ हें त्यांचें हत्यार होतें.

पुढें प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्यें लोखंडे त्या रोगानें गेले. महिनाभरानें, १० मार्च रोजीं, सावित्रीबाईही गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्यांनीं दवाखाना गांठला होता, आणि तोच रोग त्यांस जडला. लोखंड्यांमागें ‘दीनबंधु’ बंद पडलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं वासुदेवरावांनीं जें उचललें तें असें दोनदां पडलेलें पत्र होतें.

आणि तें पुरतें उभें राहतें न राहतें तोंच वासुदेवराव वारले.

तरुण वयांत वैधव्य आलेल्या स्त्रीनें त्या काळीं काय करावें अशी समाजाची अपेक्षा असे, हें सांगावयास नको. घराचा कोपरा धरावा, दिराच्या किंवा भावाच्या अन्नावर दिवस काढावे. सन १९०१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील शंभर स्त्रियांमध्यें एकीसही वाचतां येत नव्हतें. बंगाल्यांत स्वर्णकुमारी देवींनीं १८८४ पासून ‘भारती’ मासिक संपादिलें होतें, हें खरें. परंतु वाङ्मयाचें मासिक निराळें आणि सरकार, पुढारी व कायदे ह्यांवर दर आठवड्यास लिहिणारें वर्तमानपत्र निराळें. तानुबाईंनीं तें पत्र विकलें नाहीं, दुसऱ्याच्या स्वाधीनही केलें नाहीं. संपादकाच्या जागीं त्या स्वतः बसल्या.

ज्यांनीं छापखाना आंतून पाहिला आहे त्यांस ह्यांतील श्रम कळतील. एक एक खिळा हातानें जुळवावयाचा, मुद्रितें तपासावयाचीं, कागदवाल्याचें बिल, टपाल हंशील, थकलेल्या वर्गणीदारांस पत्रें. आणि हें सर्व होऊन अग्रलेख ठरल्या दिवशीं तयार पाहिजे. आठवडा कोणासाठीं थांबत नाहीं. घरीं दुखणें असो कीं गांवांत प्लेग असो, अंक निघाला पाहिजे, नाहींतर वाचणारा दुसरीकडे वळतो.

शिवाय तीं वर्षें वर्तमानपत्रांस फार कठीण होतीं. जून १९०८ मध्यें निघालेल्या कायद्यानें चिथावणीचा मजकूर छापणारा छापखाना जप्त करण्याचा अधिकार सरकारास मिळाला. पुढच्याच महिन्यांत टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली, व मुंबईच्या गिरण्यांतील मजूर सहा दिवस कामावर गेले नाहींत. सन १९१० च्या कायद्यानें नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० पासून २,००० रुपयांपर्यंत जामीन मागतां येऊं लागला. मोठ्या पत्रांस मोठे पाठिराखे होते. ‘दीनबंधु’ची स्थिति निराळी होती. बहुजनांचें गाऱ्हाणें मांडतांना एका बाजूस सरकारची भीति, दुसऱ्या बाजूस शिकलेल्या पुढाऱ्यांची नाराजी. दोघांमधून वाट काढीत त्यांनीं पत्र १९१२ पर्यंत चालविलें. ह्याच काळांत, १९१० सालीं, भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील ह्यांनीं एका खेड्यांतून ‘दीनमित्र’ काढलें. मुंबईस एक विधवा बाई आणि खेड्यांत एक गृहस्थ, अशा दोघांनीं तें ओझें वाहिलें, हें पाहून मला नेहमीं विस्मय वाटतो.

त्यांच्या लेखनाचा रोख २७ जुलै १९१२ च्या अंकावरून कळतो. मुंबई इलाख्यांतील लोकनियुक्त प्रतिनिधि आणि बहुजन समाज हा त्या अग्रलेखाचा विषय होता. सन १९०९ च्या सुधारणांनीं कायदे कौन्सिलांत निवडून आलेले सभासद वाढले होते, आणि पुढारी मंडळी त्याचा मोठा उत्सव करीत होती. परंतु निवडणारे कोण? म्युनिसिपालिट्या, लोकल बोर्डें, युनिव्हर्सिटी, सरदार, व्यापारी व गिरणीमालकांच्या सभा. नांगर धरणाऱ्यास थेट मत नव्हतें, मागावर उभे राहणाऱ्यास नव्हतें. मग असल्या सभासदांस लोकांचे प्रतिनिधि म्हणणें कितपत खरें, हा प्रश्न तो विषय हातीं घेतांच पुढें येतो. आणि गोपाळ कृष्ण गोखले ह्यांचें सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल त्याच वर्षीं मार्च महिन्यांत वरिष्ठ कौन्सिलांत नापास झालें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या प्रश्नाची धार अधिकच जाणवते.

ज्या कौन्सिलाविषयीं तानुबाई लिहीत होत्या, त्यासाठीं मत देण्याचा हक्क त्यांस स्वतःस नव्हता. कोणत्याच स्त्रीस नव्हता. मुंबईच्या कौन्सिलानें स्त्रियांस मतदानाचा हक्क देण्याचा ठराव केला तो १९२१ सालीं, म्हणजे त्या अग्रलेखानंतर नऊ वर्षांनीं.