रविवारचा रेफरी

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी आठवड्यातले मोजके तास आणि घरी आईची बोलणी. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. लेख दे म्हणून संपादक मंडळ मागे लागलं होतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती.

ती सुरू होते आपल्याच बॅडमिंटन कोर्टवर. गॅदरिंगच्या आधीचा स्पोर्ट्स वीक, मुलींच्या सिंगल्सची फायनल, तिसरा गेम, स्कोअर १९-१९. समोरच्या मुलीने मारलेलं शटल माझ्या रॅकेटच्या कडेला जरासं घासून मागे लाइनच्या बाहेर पडलं. अंपायरला वाटलं, सरळ आऊट गेलं. पॉईंट मला! मी गप्प बसले. पुढचा पॉईंटही मीच काढला आणि कप घेऊन होस्टेलवर आले. रात्री मैत्रिणींनी माझ्याच पैशाने वडापाव खाल्ले आणि मी कशी जन्मजात खेळाडू आहे यावर एकमत झालं. झोप मात्र काही येईना. आणि का कोण जाणे, शाळेतला एरिक लिडेल आठवला.

आठवीत मॉरल सायन्सच्या तासाला सिस्टरांनी त्याची गोष्ट सांगितली होती. रविवारी धावायचं नाही म्हणून ऑलिम्पिकची शर्यत सोडणारा माणूस. तेव्हा मला तो भयंकर हट्टी वाटला होता. एक रविवार धावला असता तर काय बिघडलं असतं? नंतर सुट्टीत त्याचं चरित्र वाचलं, तेव्हा कळलं की मला गोष्ट अर्धीच माहीत होती.

एरिकचा जन्म १६ जानेवारी १९०२ चा, चीनमधल्या तिआनजिन शहरातला. आईवडील स्कॉटिश मिशनरी. लहानपणीच त्याला आणि मोठ्या भावाला इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या बोर्डिंग शाळेत ठेवून आईवडील चीनला परतले. होस्टेलवाल्यांना त्याचं दुःख वेगळं सांगायला नको. आपण निदान दिवाळीला घरी जातो, त्याची आईवडिलांशी भेट काही वर्षांनी व्हायची.

पुढे तो एडिनबरा विद्यापीठात सायन्सला गेला. कॉलेज करता करता स्कॉटलंडकडून रग्बीच्या ७ आंतरराष्ट्रीय मॅचेस खेळला, मग रग्बी सोडून धावण्याकडे वळला. त्याची धावण्याची स्टाइल म्हणजे कोचच्या डोक्याला ताप! डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं, हात कसेही फिरतायत. टेक्निकला मार्क द्यायचे म्हटलं असतं तर बिचाऱ्याला केटीच लागली असती.

पण त्याच्या दोन सवयी मला फार आवडल्या. शर्यत सुरू होण्याआधी तो सगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवायचा. आणि तेव्हा स्टार्टिंग ब्लॉक नव्हते, पाय रोवायला ट्रॅकवर छोटे खड्डे खणावे लागत. आपला खड्डा खणून झाला की तो आपलं खुरपं दुसऱ्याला देत असे. म्हणजे आपल्याला हरवू पाहणाऱ्यालाच नीट सुरुवात करून द्यायची.

जुलै १९२३ मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांच्या सामन्यात ४४० यार्डांच्या शर्यतीत तो सुरुवातीलाच धक्का लागून ट्रॅकच्या बाहेर पडला. उठेपर्यंत बाकीचे सुमारे २० यार्ड पुढे गेले होते. तो उठला, धावला, आणि चक्क जिंकला! शर्यत संपल्यावर त्याला उचलून न्यावं लागलं.

मग आलं १९२४ चं पॅरिस ऑलिम्पिक. १०० मीटरमध्ये ब्रिटनला त्याच्याकडून फार आशा होत्या. पण प्राथमिक फेऱ्या रविवारी, ६ जुलैला. रविवार हा देवाचा दिवस, त्या दिवशी खेळायचं नाही, असं तो लहानपणापासून मानत आलेला. वेळापत्रक काही महिने आधी कळलं होतं. त्याने तेव्हाच शांतपणे नाव मागे घेतलं, शिवाय दोन रिलेही सोडल्या. देशद्रोही म्हणेपर्यंत लोकांची मजल गेली. त्याने वाद घातला नाही, उरलेले महिने ४०० मीटरची तयारी केली. त्या रविवारी तो पॅरिसच्या स्कॉटिश चर्चमध्ये प्रवचन देत होता. १०० मीटरचं सुवर्णपदक दुसऱ्या दिवशी त्याच्याच संघातल्या हॅरोल्ड अब्राहम्सने जिंकलं. ९ जुलैला २०० मीटरमध्ये लिडेलला ब्राँझ मिळालं.

११ जुलैला ४०० मीटरची फायनल. त्याला सगळ्यात बाहेरची लेन मिळाली होती, म्हणजे वळण येईपर्यंत मागचे कुठे आहेत हे दिसणारच नाही. पठ्ठ्या पहिल्यापासून १०० मीटर असल्यासारखा सुटला. पहिले २०० मीटर २२.२ सेकंदांत! जाणकारांना वाटलं, आता हा शेवटी कोसळणार. तो कोसळला नाही. ४७.६ सेकंद, सुवर्णपदक आणि ऑलिम्पिक विक्रम.

आपल्या लोकांसाठी एक गंमत सांगते. त्याच महिन्यात एडिनबरामध्ये त्याची डिग्री झाली. विजेत्याची पानांची माळ त्याच्या डोक्यावर ठेवणारे प्राचार्य होते सर अल्फ्रेड यूइंग. ओळखीचं वाटत नाही नाव? मॅग्नेटिक मटेरियल्स शिकताना आपला जीव खाणारा हिस्टेरिसिस हा शब्द त्यांनीच रूढ केला! बी-एच कर्व्ह काढताना मला आता त्यांचा राग येत नाही.

सिस्टरांची गोष्ट इथे संपत होती. तत्त्वासाठी सोडलं, देवाने दुसऱ्या हाताने दिलं. पण माणूस तर तेव्हा फक्त २२ वर्षांचा होता. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठा.

पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, कीर्ती ऐन भरात असताना तो सगळं सोडून तिआनजिनला गेला आणि एका कॉलेजात मुलांना सायन्स शिकवू लागला. १९३४ मध्ये फ्लॉरेन्सशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. तरी तो युद्धाच्या धुमश्चक्रीत सापडलेल्या खेड्यांमध्ये काम करत राहिला. १९४१ मध्ये परिस्थिती बिघडली तेव्हा त्याने गरोदर पत्नीला आणि मुलींना कॅनडाला पाठवलं. तिसऱ्या मुलीला त्याने कधी पाहिलंच नाही.

मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला शानदोंग प्रांतातल्या वेइशियेनच्या छावणीत ठेवलं. एका जुन्या मिशनच्या आवारात सुमारे १५०० परदेशी नागरिक कोंबले होते. खायला कमी, थंडी कडाक्याची. त्यात चीफू इथल्या शाळेतली मुलंही होती, कित्येकांचे आईवडील दूर अडकलेले. बोर्डिंगमध्ये वाढलेल्या एरिकला त्या मुलांचं काय होत असेल हे माहीत होतं. तो त्यांना सायन्स शिकवायचा, त्यांच्यासाठी खेळ भरवायचा. हॉकीच्या मोडक्या काठ्या चादरींच्या पट्ट्या गुंडाळून दुरुस्त करायचा. मुलं त्याला अंकल एरिक म्हणायची.

खेळ सहा दिवस, रविवारी बंद. हा नियम छावणीतही होताच. पण मोकळा रविवार त्या पोरांना खायला उठायचा. एका रविवारी त्यांनी आपली आपण हॉकीची मॅच लावली. रेफरी नाही, मग काय होणार? मारामारीवर प्रकरण गेलं.

आणि पुढच्या रविवारी एरिक लिडेल मैदानावर आला. शिट्टी घेऊन, रेफरी म्हणून.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. ज्या रविवारसाठी त्याने १०० मीटरचं सुवर्णपदक सोडलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तो रविवार त्याने पोरांच्या भांडणासाठी सोडला! हा हट्टी माणूस नव्हे. नियमामुळे स्वतःचं नुकसान होत होतं तेव्हा त्याने नियम पाळला. त्याच नियमामुळे दुसऱ्यांचं नुकसान होऊ लागलं तेव्हा त्याने तो बाजूला ठेवला. माझं गणित बरोबर उलटं असतं. माझा फायदा होत असेल तिथे मी नियम वाकवते, आणि दुसऱ्याची वेळ आली की नियमावर बोट ठेवते.

त्याची तब्येत ढासळत चालली होती. डोकं सतत दुखायचं. मेंदूत गाठ होती, पण छावणीत कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच हिवाळ्यात एका मुलाचे बूट फाटलेले पाहून त्याने आपले दोऱ्यांनी सांधलेले धावण्याचे बूट त्याला देऊन टाकले. २१ फेब्रुवारी १९४५ ला तो गेला. वय ४३. छावणी सुटली १७ ऑगस्टला, म्हणजे सहा महिनेही उरले नव्हते. १९९१ मध्ये एडिनबरा विद्यापीठाने तिथे स्कॉटलंडच्या ग्रॅनाइटचा स्मृतिस्तंभ उभारला.

१९८१ मध्ये त्याच्यावर आणि अब्राहम्सवर निघालेला 'चॅरियट्स ऑफ फायर' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातही पॅरिसच जास्त आहे, त्याचा चीनमधला मृत्यू फक्त शेवटच्या एका ओळीत.

चांगलं खेळता येणं ही एक गोष्ट आहे. हात, पाय, नजर आणि रोज दोन तास सराव, जमतं. मला जमतं. पण खेळाडू असणं म्हणजे समोरच्यालाही खेळ नीट मिळावा म्हणून झटणं, हे मला त्याच्या खुरप्यावरून आणि शिट्टीवरून कळलं. ज्याच्याकडे फक्त कौशल्य असतं त्याचं कोर्टच्या बाहेर काही उरत नाही. लिडेलकडे ना ट्रॅक होता, ना प्रेक्षक, ना धड बूट, तरी तो खेळाडूच होता.

सुट्टी संपल्यावर मी त्या मुलीच्या डिपार्टमेंटला गेले. पोटात व्हायवासारखा गोळा आला होता. शटल रॅकेटला लागलं होतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली की तिला माहीत होतं, आवाज तिने तेव्हाच ऐकला होता. इतके दिवस तिने कुणाकडे ब्र काढला नव्हता. मी कप पुढे केला, तर तिने तो घेतला नाही. त्याऐवजी रविवारी सकाळी फर्स्ट इयरच्या मुलींची प्रॅक्टिस असते, त्यांना अंपायर मिळत नाही, येशील का असं विचारलं. तिला लिडेलबद्दल काहीही माहीत नव्हतं, शप्पथ!

आता दर रविवारी सात वाजता मी कोर्टवर असते. झोप मोडते. पण मुली अजून नवीन आहेत, शटल कुठे पडलं यावरून फार भांडतात.