विश्लेषण : ‘कार्सिनॉइड’ हे नाव देणारे डॉक्टर कोण होते?

अभिनेते इरफान खान यांनी २०१८ मध्ये न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचं जाहीर केलं आणि हा शब्द घराघरांत पोहोचला. याच गटातल्या अनेक गाठींना पूर्वी सरसकट ‘कार्सिनॉइड’ म्हणत. हे नाव दिलं जर्मन डॉक्टर झिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी.

नाव कसं पडलं?

ओबर्नडॉर्फर यांचा जन्म १८७६ मध्ये म्युनिकचा. ते पॅथॉलॉजिस्ट होते. शवविच्छेदन करताना काही जणांच्या लहान आतड्यात त्यांना बारीक गाठी आढळल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कॅन्सरसारख्या दिसत. पण सावकाश वाढत आणि पसरलेल्या नसत. १९०७ मध्ये ड्रेस्डेनच्या परिषदेत त्यांनी ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कॅन्सरसारखं, हे नाव मांडलं.

मग अडचण काय झाली?

नावामुळे या गाठी निरुपद्रवी असल्याचा समज रुजला. तो दुरुस्त करायला ओबर्नडॉर्फरच पुढे आले. १९२९ मध्ये ३६ गाठींचा आढावा घेऊन, त्यातल्या काही पसरू शकतात हे त्यांनी नोंदवलं.

देश का सोडावा लागला?

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. ज्यू असल्यामुळे ओबर्नडॉर्फर यांची नोकरी गेली. तुर्कस्तानने तेव्हा अशा अनेक प्राध्यापकांना इस्तंबूल विद्यापीठात सामावून घेतलं. ओबर्नडॉर्फर त्यांपैकी एक. १९४४ मध्ये त्यांचं इस्तंबूलमध्येच निधन झालं.

अल्फा ब्लॉकरचा संबंध काय?

१९५३ मध्ये या गाठींत सेरोटोनिन सापडलं. गाठीतून असे पदार्थ रक्तात सुटले की चेहरा अचानक लाल होतो, जुलाब होतात, दम लागतो. अ‍ॅड्रेनालिनमुळे हा झटका येऊ शकतो, असं दिसल्यावर अ‍ॅड्रेनालिनचं ‘अल्फा’ कुलूप बंद करणारी औषधं १९६०च्या दशकात वापरून पाहिली गेली. काही रुग्णांत चेहरा लाल होणं थांबलं, पण या औषधांनी गाठ जात नाही. पुढे ऑक्ट्रिओटाइड आलं आणि लक्षणांवर तेच मुख्य औषध ठरलं.

आज याचं महत्त्व काय?

जुनं नाव मागे पडून न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर हे नाव रूढ झालं. कारण तेच, जे ओबर्नडॉर्फर यांनी १९२९ मध्ये सांगितलं होतं. गाठ सावकाश वाढते म्हणजे ती निर्धोक असतेच असं नाही. वारंवार जुलाब होत असतील आणि चेहरा विनाकारण लाल होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.